ऐंशीव्या वर्षीचा ब्लूज

१५ सप्टेंबर २००१ च्या रात्री बॉस्टनच्या बर्कली परफॉर्मन्स सेंटरमध्ये एक श्रोता खुर्चीत बसून चोरून ध्वनिमुद्रण करत होता. त्याचं नाव कार्ल स्मिथ, मेन राज्यातला निवृत्त वकील. रंगमंचावर जॅझ सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स होता, वय ७१. चार दिवसांपूर्वी न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळले होते आणि रॉलिन्सचं घर तिथून जेमतेम सहा ब्लॉकवर होतं, एका उंच इमारतीच्या एकोणचाळिसाव्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी इमारत रिकामी करायला लावली तेव्हा एवढे जिने उतरून तो खाली आला. घरातून त्याने उचललं होतं ते फक्त सॅक्सोफोन. बॉस्टनची मैफल रद्द करावी असं त्याच्या मनात होतं. पत्नी ल्युसिल त्याचा सगळा कारभार बघायची. तिने आग्रह धरला की वाजवायचं. तो गेला.

त्या रात्रीचं वादन आज आपल्या हाती आहे ते स्मिथमुळे. २००५ मध्ये ‘विदाउट अ साँग’ या नावाने ते अधिकृतपणे प्रसिद्ध झालं आणि त्यातल्या ‘व्हाय वॉज आय बॉर्न’मधल्या सोलोला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. मधेच एकदा रॉलिन्स श्रोत्यांशी बोलतो. संगीताने काही साधेल की नाही कोण जाणे, पण काहीतरी करून बघायलाच हवं, अशा अर्थाचं. आवाज घोगरा आहे, दमलेला आहे. मग सॅक्सोफोन तोंडाला लागतो आणि त्या दमलेपणाचा मागमूस राहत नाही.

जॅझच्या चाहत्यांमध्ये एक ठरलेलं बोलणं आहे. अमका वादक ऐकला का? ऐकला, पण आता पूर्वीसारखा राहिला नाही. हे वाक्य मी न्यूयॉर्कच्या रेकॉर्डच्या दुकानात ऐकलंय, मुंबईत मित्रांच्या घरी ऐकलंय, आणि दर वेळी मला ते खटकलंय. या बोलण्यामागे असं गृहीत धरलेलं असतं की तिशीत केलेली ध्वनिमुद्रिका हे अस्सल काम आणि सत्तरीतली मैफल ही तिची उतरत्या प्रतीची आठवण. रॉलिन्सच्या बाबतीत तर मला नेमकं उलटं वाटतं. तो काय चीज होता हे कळायला १९५६ ची मुद्रिका पुरत नाही, त्याची म्हातारपणची मैफल ऐकावी लागते.

‘सॅक्सोफोन कोलॉसस’ या त्या मुद्रिकेबद्दल मला आदर नाही असं नव्हे. २२ जून १९५६ या एका दिवसात ती ध्वनिमुद्रित झाली. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बेसवर डग वॉटकिन्स, ड्रम्सवर मॅक्स रोच. रॉलिन्स २५ वर्षांचा. पहिलीच रचना ‘सेंट टॉमस’, आईकडून कानावर आलेल्या कॅलिप्सोवरची. तिची गाणी कॅरिबियन बेटांवरची होती आणि मुलाने ती न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जपली. त्यानंतर चारच दिवसांनी ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन मोटार अपघातात गेला. रॉलिन्स आणि रोच दोघेही त्याच्याच जथ्यातले. ही तारीख माहीत झाल्यापासून त्या मुद्रिकेतला आनंद मला वेगळाच ऐकू येतो. पुढे १९५८ मध्ये गुंथर शुलर या संगीतज्ञाने त्याच मुद्रिकेतल्या ‘ब्लू सेव्हन’वर सविस्तर लेख लिहिला. रॉलिन्स एखादा छोटा स्वरसमूह धरून त्याचीच बढत कसा करत नेतो, हे त्याने सुटं करून दाखवलं. लेख आजही वाचनीय आहे. पण आपण काय करतो हे असं छापून आलेलं वाचून रॉलिन्स स्वतःच अवघडला, आणि परीक्षणं वाचणं आपल्याला सोसत नाही असं पुढे म्हणाला.

यानंतरचा प्रसंग जॅझच्या इतिहासात सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगतोच. १९५९ मध्ये, कीर्तीच्या ऐन भरात, त्याने कार्यक्रम घेणं थांबवलं. आपल्या नावाचा जेवढा गाजावाजा चाललाय तेवढं आपलं वाजवणं नाही, असं त्याला वाटत होतं. राहायला तो मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला. शेजारच्या घरात एक बाई गरोदर होती, तिला त्रास नको म्हणून तो रियाजासाठी बाहेर पडला आणि विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन उभा राहिला. शेजारून आगगाड्या जात, खालून बोटी जात, आणि तो तासन्‌तास, कधी दिवसाचे पंधरा-पंधरा तास, वाजवत राही. हे १९६१ पर्यंत चाललं. परतल्यावरची मुद्रिका ‘द ब्रिज’, १९६२ ची. तिची सुरुवातच ‘विदाउट अ साँग’ने होते.

म्हणजे एकच गाणं एकतिसाव्या वर्षी आणि एकाहत्तराव्या वर्षी, असे दोन नमुने आपल्यासमोर आहेत. दोन्ही लागोपाठ लावून ऐकावेत. १९६२ चं साडेसात मिनिटांच्या आत आटोपतं. गिटारवर जिम हॉल आहे, दोघे एकमेकांना सांभाळून घेतात, रॉलिन्सचा स्वर नितळ आणि घोटीव आहे, एकही जागा सांडलेली नाही. बॉस्टनचं सोळा मिनिटांच्या वर जातं. स्वर रुंद झालाय, त्याला खरखर आली आहे, काही सुरांच्या कडा फाटलेल्या आहेत. एखादी ओळ तो अर्धी म्हणतो आणि सोडून देतो. मग तिच्यातले दोनच सूर घेऊन बसतो, लयीच्या अलीकडे टाकतो, पलीकडे टाकतो, खालच्या सप्तकात नेऊन घुमवतो. आता पुरे असं वाटायला लागतं नेमका तिथेच दुसरा दरवाजा उघडतो. १९६२ मध्ये तो ते गाणं सादर करतोय. २००१ मध्ये तो आपल्यासमोर विचार करतोय, आणि तो विचार कुठे जाणार हे त्यालाही आधी ठाऊक नाही.

मराठी श्रोत्याला हे पटवून द्यावं लागू नये. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तरुणपणच्या, तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या आहेत. सफाईदार आहेत, आवाज चढा आणि टोकदार आहे. पण पुण्या-मुंबईच्या रसिकांनी मन्सूर म्हणून जे उराशी धरले ते सत्तरी ओलांडलेले, बारीक अंगकाठीचे, ज्यांच्या दमसासाचं आश्चर्य वाटावं असे मन्सूर. १९९२ मध्ये ते गेले तोवर ते गातच होते. गंगूबाई हनगलांच्या वयाची चर्चा करताना कोणी ‘पूर्वीसारखं नाही’ असं म्हणून उठून जात नसे. सवाई गंधर्व महोत्सवात उत्तररात्री वयोवृद्ध गवई स्वरमंचावर येई तेव्हा मंडप सावरून बसे. उतारवयातलं गाणं कसं ऐकायचं याची तालीम आपल्या कानांना घरातूनच मिळालेली आहे. जॅझकडे वळताना ती दाराबाहेर ठेवण्याचं कारण नाही.

रॉलिन्सचा आणि मुंबईचा संबंधही नुसता लेखाच्या सोयीसाठी जोडलेला नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा एकदा धंद्याला विटला होता. योग, वेदान्त यांचं वाचन चालू होतं. तो मुंबईला आला आणि पवईच्या आश्रमात, स्वामी चिन्मयानंदांच्या तिथे, काही महिने राहिला. त्या वेळचं पवई म्हणजे तलाव, झाडी आणि टेकड्या. आजच्या काचेच्या इमारती यायला बराच अवकाश होता. ध्यानाला बसलं की मन ठरत नाही, ही त्याची अडचण. तुझं वाजवणं हेच तुझं ध्यान आहे, असं त्याला तिथे सांगण्यात आलं, हे त्याने नंतर कित्येक मुलाखतींत कृतज्ञतेने सांगितलं. या सांगण्याचे पडसाद त्याच्या उतारवयातल्या मैफलींमध्ये मला ऐकू येतात. त्या तासतासभराच्या सोलोंमध्ये टाळ्यांसाठी काही केलेलं नसतं. घोळवत राहणं, हरवणं, पुन्हा सापडणं, हा जपच आहे.

१९७८ मध्ये तो मुंबईला पुन्हा आला, या वेळी वाजवायला. निरंजन झवेरी यांनी आणि त्यांच्या जॅझ इंडियाने पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली ती धोबी तलावच्या रंगभवनात, झेवियर्स कॉलेजला लागून असलेल्या खुल्या नाट्यगृहात. हे शहर जॅझला नवखं नव्हतं. तीसच्या दशकात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकी वादक ताजमहाल हॉटेलात वाजवून गेले होते. त्यांच्याकडून शिकलेले, ऐकून तयार झालेले गोव्याचे वादक पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरले. हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, आपल्या पुणतांब्याच्या संगीतकार रामचंद्र चितळकरांबरोबर काम करत होता. १९५१ च्या ‘अलबेला’तल्या त्या उसळत्या ट्रम्पेटवर महाराष्ट्राच्या तीन पिढ्या नाचल्या आहेत, त्यातला जॅझ ओळखला नसेल तरी. रंगभवनात उघड्या आकाशाखाली हजारो माणसांनी रॉलिन्स ऐकला तो अशा शहरात. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे २००३ पासून रंगभवनातल्या मैफली थांबल्या. इस्पितळांजवळ शांतता हवी हे बरोबरच आहे. पण त्या बदल्यात शहराने दुसरी तशी जागा उभारली नाही, याचं मला दुःख आहे आणि ते मला लपवायचं नाही.

आता ध्वनिमुद्रणाकडे येतो, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे. रॉलिन्सचं स्टुडिओशी कधीच फारसं जमलं नाही. आपलं मुद्रित वादन ऐकणं त्याला यातनामय वाटे. त्यात त्याला फक्त चुका दिसत. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत त्याने स्टुडिओत बरंच काम केलं. त्यातल्या मोजक्या मुद्रिकांकडेच मी परत जातो. बाकीच्यांमध्ये तो घड्याळाकडे बघत वाजवतोय असं वाटतं. त्याच वर्षांत त्याला प्रत्यक्ष ऐकून आलेली माणसं मात्र वेड लागल्यासारखी बोलत. समीक्षकांनी हे पुन्हा पुन्हा लिहिलं: मुद्रिकेतला रॉलिन्स वेगळा, रंगमंचावरचा वेगळा.

याचा पुरावा ३ नोव्हेंबर १९५७ पासूनच होता. त्या रविवारी ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर आपली यंत्रसामग्री घेऊन न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये आला. क्लबातलं ते पहिलं ध्वनिमुद्रण, ज्याची मुद्रिका निघाली. पियानो नाही, गिटार नाही. फक्त बेस आणि ड्रम्स. दुपारी एक जोडी, रात्री विल्बर वेअर आणि एल्विन जोन्स. मी त्या तळघरात गेलो आहे. सोमवारी तिथे त्यांचा स्वतःचा मोठा वाद्यवृंद वाजवतो, ती प्रथा १९६६ पासून चालू आहे. लाल दरवाजातून जिना उतरून गेलं की पाचरीसारखी निमुळती होत जाणारी खोली लागते आणि तिच्या टोकाला मंच. शंभर-सव्वाशे माणसांत ती भरते. सतरा जणांचा ताफा एवढ्याशा जागेत वाजवत असताना पितळी वाद्यांची कंपनं टेबलाच्या लाकडातून हाताला लागत होती, आणि १९५७ च्या मुद्रिकेतला एल्विनचा ड्रम इतका अंगावर का येतो ते मला तिथे उमगलं. तिथे वादक आणि श्रोता यांच्यात अंतरच नाही.

१९८६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सॉगर्टीज गावी, जुन्या दगडखाणीत घडवलेल्या ‘ओपस ४०’ या विस्तीर्ण शिल्पावर, रॉबर्ट मगी रॉलिन्सवरच्या चित्रपटाचं चित्रीकरण करत होता. वाजवता वाजवता रॉलिन्सने उंच मंचावरून खाली उडी घेतली आणि तो उताणा पडला. टाचेचं हाड मोडलं होतं. क्षणभर सगळे थिजले. आणि मग, पडल्या पडल्याच, त्याने सॅक्सोफोन तोंडाशी नेला आणि वाजवायला सुरुवात केली. वय ५५. हे दृश्य चित्रपटात आहे. त्याच दिवसाची ‘जी-मॅन’ ही रचना ऐकताना लोकांनी त्याच्यामागे का धावावं हे कळतं.

लोक धावतच होते. जगभर त्याच्या मैफली कोणी ना कोणी टेप करत होतं. रेडिओवाले अधिकृतपणे, चाहते कोटाच्या खिशातून. कार्ल स्मिथ त्यांतला एक, पण तो अभ्यासू होता. त्याने देशोदेशींच्या चाहत्यांकडून शेकडो मैफली गोळा केल्या, तारीखवार लावल्या. रॉलिन्सला अशा चोरट्या ध्वनिमुद्रणांचा तिटकारा होता, आणि तो रास्तही होता; वादकाच्या घामावर परक्याने पैसे मिळवावेत हे कोणालाच रुचणार नाही. पण स्मिथने पैसे मागितले नाहीत, त्याने संग्रह समोर ठेवला. हळूहळू रॉलिन्स राजी झाला. २००४ मध्ये ल्युसिल गेली. त्यानंतर त्याने ‘डॉक्सी’ हे स्वतःचं लेबल काढलं आणि २००८ पासून ‘रोड शोज’ या मालिकेत निवडक मैफली बाहेर येऊ लागल्या. पहिल्या भागात १९८० ते २००७ या काळातले तुकडे आहेत, काही त्याच्या स्वतःकडचे, काही स्मिथच्या संग्रहातले.

त्या भागातला शेवटचा तुकडा १८ सप्टेंबर २००७ चा, कार्नेगी हॉलमधला. १९५७ मध्ये तो तिथे पहिल्यांदा वाजवायला उभा राहिला होता, त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून ही मैफल. जोडीला फक्त बेसवर ख्रिश्चन मॅकब्राइड आणि ड्रम्सवर रॉय हेन्स. ‘सम एन्चँटेड ईव्हनिंग’. त्रिकुटाच्या त्या वादनातली ही एकच रचना त्याने आपल्यापर्यंत येऊ दिली. बाकीचं त्याच्या पसंतीस उतरलं नाही. सत्त्याहत्तराव्या वर्षीही तो स्वतःला सवलत द्यायला तयार नव्हता.

टेपच्या भरवशाबद्दल आणखी एक सांगितलं पाहिजे. ७ जुलै १९५६ ला न्यूपोर्टच्या महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात पॉल गोन्साल्विसने टेनरवर ब्लूजची सलग २७ आवर्तनं वाजवली आणि श्रोते खुर्च्या सोडून उठले. एलिंग्टन तेव्हा ५७ वर्षांचा होता, त्याचा जमाना संपला असं म्हटलं जात होतं. त्या एका रात्रीने त्याला परत आणलं. पण गोन्साल्विस चुकीच्या मायक्रोफोनपुढे उभा होता, व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या. त्यामुळे कोलंबिया कंपनीच्या टेपवर त्याचा सूर दूरचा येतो, आणि त्या साली निघालेल्या मुद्रिकेतला बराचसा भाग तर नंतर स्टुडिओत वाजवून, वर टाळ्या मिसळून केलेला होता. चार दशकांनी रेडिओची टेप सापडली. दोन्ही टेप जुळवून १९९९ मध्ये खरी मैफल बाहेर आली. जुन्या मुद्रिकेवर ज्यांनी जीव टाकला त्यांचं प्रेम खोटं ठरत नाही. पण ‘ती ध्वनिमुद्रिका म्हणजेच ती रात्र’ असं मानणाऱ्याने हा इतिहास लक्षात ठेवावा.

आणि शरीर खरंच साथ सोडतं तेव्हा? त्याचं उदाहरण सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ. मार्च १९९१, कोपनहेगनचं कॅफे माँमार्त्र, सोबत फक्त केनी बॅरनचा पियानो. गेट्झला यकृताचा कर्करोग होता, वय ६४. सोलो संपला की त्याला धाप लागे. जूनमध्ये तो गेला. ‘पीपल टाइम’ या नावाने ते वादन निघालं. चार्ली हेडनची ‘फर्स्ट साँग’ त्यात आहे. एकेकाळी गेट्झच्या स्वराच्या मुलायमपणाची सगळ्यांना भुरळ होती. इथे मुलायमपणाखाली काहीतरी करकरतंय, ओळी आखूड झाल्या आहेत, आणि दोन ओळींमधल्या मोकळ्या जागा बॅरन इतक्या समजूतदारपणे भरतो की पियानोसाथ म्हणजे काय याचा तो धडा ठरावा. मी गेट्झच्या साठच्या दशकातल्या बोसानोव्हा मुद्रिका आनंदाने ऐकतो. जवळची म्हणाल तर ही.

सगळंच उतारवयातलं वादन थोर असतं असा माझा दावा नाही. नावावर तिकिटं विकली जातात, जुन्या गाजलेल्या रचना जशाच्या तशा वाजवून वादक मोकळा होतो, आणि लोक आठवणींना टाळ्या देऊन घरी जातात. अशा मैफलींना मी गेलो आहे. फरक वयाचा नसतो. म्हातारा वादक त्या रात्री काही नवं ठरवतोय की नाही, एवढंच ऐकायचं असतं.

१० सप्टेंबर २०१० ला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये रॉलिन्सच्या ऐंशीव्या वाढदिवसाची मैफल झाली. ती ‘रोड शोज’च्या दुसऱ्या भागात ऐकता येते. ‘द ब्रिज’मधला जिम हॉल पाहुणा म्हणून आला होता, एकोणऐंशी वर्षांचा, दोघांनी ‘इन अ सेंटिमेंटल मूड’ वाजवलं. मग रॉय हेन्स, ८५ वर्षांचा, ड्रम्सवर बसला आणि मॅकब्राइडच्या बेससोबत ‘सनीमून फॉर टू’ सुरू झालं. रॉलिन्सचाच जुना ब्लूज, बारा मात्राखंडांचा, ओळखीचा, अगदी साधा. काही आवर्तनं झाल्यावर तो माइकवर एका पाहुण्याला बोलावतो. आणि पडद्यामागून ऑर्नेट कोलमन येतो. तोही ऐंशीचा. पन्नासच्या दशकात कॅलिफोर्नियात दोघांनी समुद्रकिनारी एकत्र रियाज केला होता. लोकांसमोर मात्र ते कधीच एकत्र वाजले नव्हते.

ऑर्नेट आपल्या ऑल्टोवर सुरुवात करतो आणि ब्लूजचा तो साधा सांगाडा विरघळायला लागतो. त्याला बारा खंड मोजायचे नसतात. त्याचा सूर रडवेला, थोडा वाकडा, मधेच लहान मुलासारखा आनंदी. हेन्स आणि मॅकब्राइड क्षणार्धात त्याच्या चालीने चालू लागतात. अशा वेळी रॉलिन्सने आपल्या पाळीला पुन्हा आपला खणखणीत, हुकमी ब्लूज वाजवला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. वाढदिवस त्याचा, रचना त्याची, श्रोते त्याचे. तो तसं करत नाही. तो ऑर्नेटने सोडलेलं टोक उचलतो आणि स्वतःच्याच रचनेची चौकट सोडून त्याच्या प्रदेशात शिरतो. घोगऱ्या आरोळ्या, तुटक तुकडे, कुठल्याही ओळखीच्या ठेक्यावर न उतरणाऱ्या ओळी. हे वीस मिनिटांहून जास्त चालतं. श्रोते मधेच ओरडतात, हसतात, पुन्हा ओरडतात. पुलावर जाऊन पन्नास वर्षं झालेला तो माणूस त्या रात्री परत शिकायला बसला होता, आणि हेन्स मागून ड्रमवर त्याला एकेक टोला देत पुढे ढकलत होता.